बोलतं ठेवणारे देवगडेभाऊ

परवा गुडघ्याचा एक्स-रे काढायला नागपुरातल्या एका चकचकीत सेंटरमध्ये गेले होते. मशीन नवंकोरं, खोली थंडगार, आणि फोटो काढणारा मुलगा कामात तरबेज. पण झोपा, हलू नका, उठा, एवढंच तो माझ्याशी बोलला, आणि तेही भिंतीकडे बघून. मी टेबलावर जिवंत आहे की नाही हेदेखील त्याला फोटो पडद्यावर उमटल्यावरच कळलं असतं. खाली उतरून चपला घालताना मला देवगडेभाऊ आठवले, आणि मग तो सगळा दिवस वाईट गेला.

देवगडेभाऊ म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतले एक्स-रे टेक्निशियन. ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता आणि तिकडे बदली म्हटलं की लोक सुट्टीचे अर्ज शोधायचे. मी वर्ध्याची, नर्सिंग संपवून अहेरीच्या अलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात रुजू झाले. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात त्या गावाचा काही दोष नाही. कौलारू बैठी इमारत, समोर मोहाचं जुनं झाड, त्याखाली पेशंटांच्या नातेवाइकांच्या चुली. डॉक्टर एक, आम्ही सिस्टर दोघी, आणि व्हरांड्याच्या शेवटी एक्स-रेची खोली. तिच्या एका कोपऱ्यात फोटो धुवायची डार्करूम, म्हणजे न्हाणीघराएवढी अंधारी खोपटी.

त्या खोपटीतून पहिल्या दिवशी एक उंच, हडकुळा माणूस वाकून बाहेर आला. बोटं फोटो धुवायच्या हायपोनं तपकिरी पडलेली, सदऱ्यावर रसायनांचे डाग. त्यांनी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही. म्हणाले, "सिस्टर, ट्रे पाह्यला का?" एक्स-रेच्या खोलीतल्या खिडकीत एक झाकलेला ट्रे ठेवलेला असायचा. त्यात इंजेक्शनची सिरिंज, अॅड्रेनलिन, आणि वेळप्रसंगाला लागणारी दोन-तीन औषधं. तो रोज सकाळी सिस्टरनं तपासायचा हा त्यांचा हट्ट. पुढे कित्येक महिने आमच्या दिवसाची सुरुवात त्याच प्रश्नानं झाली. मी कधी वैतागून म्हणायचे की भाऊ, कालच पाहिला. त्यावर ते म्हणायचे की काल तुम्ही जेवल्याही होत्या.

तोंडात चोवीस तास सुपारी-तंबाखूचा खर्रा असलेला माणूस, पण पेशंट आत आला की बाहेर जाऊन थुंकून, चूळ भरून यायचा. स्वच्छतेसाठी नव्हे. बोलताना तोंड मोकळं पाहिजे म्हणून. आणि बोलायचे किती! गाव कोणतं, तिथला तलाव यंदा भरला का, धान कोणतं टाकलं, बैल घरचे की मागून आणलेले, सून कुठली केली. मशीनची नळी सरकवता सरकवता, फिल्मची पेटी पाठीमागे लावता लावता हे चालूच. आतल्या जंगलातून आलेल्या माणसांशी ते गोंडीत बोलत, म्हणजे त्यांच्या मते ते गोंडी असे. पेशंट फिदीफिदी हसत. सिरोंच्याकडचा कोणी आला की तेलुगूची अशीच वाट लावत. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे, उलट हसणाऱ्याच्या छातीचा फोटो काढायला ते जास्त खुशीत असायचे. डॉक्टरसाहेब भले होते, पण थकलेले. ओपीडीतून ओरडून सांगायचे की देवगडे, फोटो काढायचा आहे, सोयरिक जुळवायची नाही.

मीही त्यांची चेष्टा करायचे. एकदा म्हटलं, भाऊ, तुम्हाला पेशंटच्या बैलाची एवढी काळजी कशाला? तेव्हा ते थांबले आणि मला शिकवल्यासारखं म्हणाले, "जो बोंबलून राह्यला त्याले भिऊ नका, सिस्टर. बोलता बोलता चूप झाला की तिकडं पाहा. मी बोलतो ते बैलासाठी नाई बोलत."

नर्सिंगच्या तीन वर्षांत मला नाडी, रक्तदाब, श्वास सगळं शिकवलं होतं. पण अंधाऱ्या खोलीत, मशीनच्या खडखडाटात, हातात फिल्म असताना माणसावर लक्ष कसं ठेवायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. देवगडेभाऊंनी त्यासाठी कान वापरायचं ठरवलं होतं. त्यांचा दुसरा नियम असा, की पेशंटबरोबर घरचं एक माणूस आत पाहिजेच. बाकी दवाखान्यांत नातेवाइकांना बाहेर काढतात, कारण किरणं. हे त्यांना शिशाचा एप्रन घालून पेशंटच्या उशाशी उभं करायचे. वरून आलेल्या एका साहेबांनी याबद्दल हटकलं, तर म्हणाले, घरच्या माणसाला चेहऱ्यातला फरक आधी कळतो, मला त्याचा नेहमीचा चेहरा कुठे माहीत आहे? साहेबांनी मान हलवली आणि चहा मागवला.

त्यांचं सगळंच बरोबर निघायचं असं मुळीच नाही. एकदा एक फॉरेस्ट गार्ड छातीच्या फोटोला आला, धिप्पाड गडी, मिशा पिळलेल्या. फोटो निघाला आणि देवगडेभाऊंनी त्याला नेहमीसारखं काहीतरी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. गडी डोळे मिटून, लालबुंद होऊन उभा. देवगडेभाऊंनी जी हाक मारली ती मोहाच्या झाडाखाली ऐकू गेली. मी ट्रेकडे, वॉर्डबॉय ऑक्सिजनचं सिलिंडर गडगडत आणतोय, डॉक्टर हातातला पेशंट सोडून धावत आले. तेवढ्यात गार्डनं डोळे उघडून केविलवाणी खूण केली. देवगडेभाऊ त्याला दम धरायला सांगून सोड म्हणायचं विसरले होते, आणि तो बिचारा सरकारी हुकूम मोडायला तयार नव्हता. आठवडाभर आम्ही हसत होतो. जो तो देवगडेभाऊंना विचारायचा, भाऊ, आता सोडू का? त्यांनी ते सगळं हसून घेतलं. खोटी धावपळ झाली तर पाय दुखतात, दुसरं काही होत नाही, म्हणाले.

आणि एकदा खरीच झाली. मधाचं पोळं काढताना झाडावरून पडलेला एक म्हातारा आणला होता. मांडी मोडलेली. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पोट मऊ होतं, नाडी ठीक होती. पोटातली दुखापत कधीकधी मागाहून उमटते. म्हातारा टेबलावर पडून मधमाश्यांना, झाडाला आणि त्याला झाडावर चढवणाऱ्या पोराला सणसणीत शिव्या देत होता आणि देवगडेभाऊ त्याला साथ देत होते. मग शिव्या थांबल्या. म्हाताऱ्यानं पाणी मागितलं, पुन्हा मागितलं, आणि मुलाला विचारलं की दिवस बुडाला का. बाहेर टळटळीत दुपार होती. देवगडेभाऊंनी फिल्म तशीच टाकली, स्ट्रेचर स्वतः ढकलत वॉर्डात आणलं आणि मला एवढंच म्हणाले की याच्या शिव्या संपल्या. आम्ही दोन्ही हातांना सलाईन लावलं, डॉक्टर जीपमध्ये त्याच्या शेजारी बसून चंद्रपूरपर्यंत गेले. म्हातारा वाचला. उन्हाळ्यात कुबडी टेकत आला आणि देवगडेभाऊंना मधाची बाटली देऊन गेला. जाताना त्यांनाही एक शिवी दिली. त्या दिवशी देवगडेभाऊ जितके खूश होते तितके खूश मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

त्यांच्या क्वार्टरमध्ये मी कधीकधी जेवायला जायचे. कुंदाताई, त्यांच्या बायको, तांदळाची भाकर आणि आंबाडीची भाजी फार छान करायच्या. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि शेजारी त्यांच्या वडिलांचा एक पुसट फोटो. वडील छपन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्यांच्याविषयी देवगडेभाऊ क्वचित बोलत. एकदा जेवता जेवता त्यांनी सांगितलं की वडील आजारी पडले तेव्हा गावात जो वैद्य होता तो अंगणाबाहेरून पुडी फेकायचा. काय होतंय, कुठे दुखतंय, कधीपासून, एक शब्द नाही. "आमच्या बापाले कोणी जवळ येऊन इचारलंच नाई, सिस्टर. मंग मी इचारतो सगळ्याइले." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुंदाताईंनी त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली.

आता यमुनाचं सांगायला हवं.

यमुना नदीकाठच्या एका खेड्यातली, ढिवराच्या घरची सून. मासे मारणारं, थोडी शेती करणारं घर. वय फार तर बावीस. कमरेत सारख्या कळा यायच्या, लघवीतून रक्त जायचं. मुतखडा असणार हे डॉक्टरांनी ओळखलं, पण तो कुठे अडकलाय ते साध्या फोटोत दिसेना. अशा वेळी शिरेतून एक डाय देतात, ती मूत्रपिंडातून उतरताना थोड्या थोड्या वेळानं फोटो काढतात. ही तपासणी खरं तर चंद्रपूरला व्हायची. पण तिथे जायचं म्हणजे लोकांचं मजुरीचं नुकसान, तान्ह्या मुलांचे हाल, म्हणून डॉक्टरांनी ती आमच्याकडे सुरू केली होती. आधी पाच-सात जणांची नीट झाली होती. डायची एखाद्याला रिअॅक्शन येते, अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, घसा सुजतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. खिडकीतला ट्रे त्याच्यासाठीच होता.

यमुनाचा नवरा तेव्हा चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे कामाला होता. तिला घेऊन आले सासू आणि भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, लखाजी. मोठा सज्जन माणूस. आदल्या दिवशी तिला घेऊन निघाला, बैलगाडीत तिच्यासाठी पेंढा टाकून, वर घोंगडी अंथरून, आणि स्वतः गाडीच्या पुढे पायी चालत आला. भासऱ्यानं भावसुनेकडे बघायचं नाही, तिनं त्याच्यासमोर बोलायचं नाही, डोईवरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही, ही तिकडची रीत. त्यामुळे काही सांगायचं झालं तर लखाजी सासूला सांगायचा, सासू यमुनाला सांगायची, आणि यमुना दोघांपैकी कोणाकडेही न बघता मान हलवायची.

डाय थोडीशी टोचून पाहिली. काही झालं नाही. मग देवगडेभाऊंनी नियमाप्रमाणे घरचं माणूस आत बोलावलं. सासूच्या खांद्यावर यमुनाची तान्ही मुलगी होती आणि ती कोणाकडेच राहीना. लेकराला त्या खोलीत घेता येत नाही. म्हणून लखाजी आत आला, शिशाचा एप्रन घालून उशाशी उभा राहिला. डॉक्टरांनी डाय दिली. मी हात धरला होता. तोंडात कडवट लागेल, अंग गरम वाटेल, ते चालतं, असं मी तिला सांगितलं, तिनं पदराआडून मान हलवली. पहिला फोटो निघाला. आम्ही थोडा वेळ थांबलो, नाडी बघितली, ठीक होती. तेवढ्यात प्रसूतीच्या खोलीतून दाईची हाक आली. आडवं मूल अडकलं होतं. डॉक्टर धावले, मागोमाग मी. तेव्हा दुसरी सिस्टर रजेवर होती.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. हे मला देवगडेभाऊंनी सांगितलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, दर वेळी तेच आणि तसंच.

दुसरा फोटो काढून ते धुवायला डार्करूममध्ये गेले. फिल्म डेव्हलपरमध्ये टाकली की काही मिनिटं दार उघडता येत नाही, उजेड आला की फिल्म काळी पडते. मग पुन्हा फोटो, आणि या तपासणीत वेळ टळली की डाय पुढे निघून जाते, म्हणजे सगळं पुन्हा, सुईसकट. देवगडेभाऊंनी आतून नेहमीसारखं विचारलं की बाई, बरं वाटते ना? उत्तर नाही. तुझ्या गावच्या नदीला पाणी किती आहे आता? उत्तर नाही. खाजवते का कुठं? उत्तर नाही. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला होता. मग त्यांच्या मनात आलं की भासरा उभा आहे, त्याच्यासमोर ती कशी बोलेल? त्यांनी लखाजीलाच विचारलं की भाऊ, ठीक हाये ना? लखाजी म्हणाला, हो जी, चूप पडली आहे. देवगडेभाऊंनी कडीवरचा हात काढला.

लखाजी खोटं बोलला नव्हता. तो तिच्याकडे बघतच नव्हता. भावसून उघड्यावर निजली आहे, म्हणून तो पहिल्यापासून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

फिल्म हायपोत टाकून देवगडेभाऊ बाहेर आले तेव्हा यमुनाचे दोन्ही हात तोंडावर होते. तिनं पदर दोन्ही मुठींनी धरून ठेवला होता, सुटू नये म्हणून. पदर काढला तर चेहरा ओळखू येत नव्हता. ओठ, पापण्या, गळा, सगळं सुजलेलं. त्यांनी हाक मारली ती आम्हाला प्रसूतीच्या खोलीत ऐकू आली. मी आले, ट्रे उघडला, इंजेक्शन दिलं. डॉक्टर रक्तानं भरलेल्या हातांनी तसेच आले. आम्ही पुष्कळ केलं. मी नाडी शोधत राहिले, मनगटावर, मग मानेला. देवगडेभाऊ तिच्या कानाशी वाकून बोलत होते, नदीबद्दल, लेकराबद्दल, माय, बोल ना, एक खेप बोल. शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं. पलीकडच्या खोलीत ते आडवं मूल जगलं होतं आणि रडत होतं.

चौकशी झाली. वरून साहेब आले, सगळ्यांना विचारून गेले. औषधाची रिअॅक्शन अंगावर आली, कोणाचा दोष नाही, असं ठरलं. डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला नाही, पण त्यांचे खांदे जरा खाली आले. देवगडेभाऊंनी मात्र साहेबांशी भांडण काढलं. त्यांचं म्हणणं, दोष आहे आणि तो माझा आहे. साहेब म्हणाले की फिल्म धुवायला माणूस आत जाणारच, तुम्ही नियमानं वागलात. देवगडेभाऊ म्हणाले, नियम माझाच होता. साहेबांना ते कळलं नाही.

मला ते त्यांनी नंतर व्हरांड्यात बसून सांगितलं. खर्रा नव्हता तोंडात, कितीतरी दिवस नव्हता. "तुमी असत्या त दार उघडलं असतं, सिस्टर. वर्ध्याच्या तुमी. तुमाले वाटलं असतं, बाई चूप काऊन झाली? मी इथचा. मले रीत मालूम होती. मी म्हटलं, भासऱ्यासमोर कायची बोलते." मग म्हणाले, "अन् तो भासरा मीच आत घेतला."

मी बोलायचं म्हणून बोलले, की सूज इतक्या झपाट्यानं आली होती की मिनिटभर आधी कळूनही उपयोग झाला नसता. ते खरंही असेल. आजही मला सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला माझ्या समजुतीच्या बोलण्याची लाज वाटली.

त्यानंतर तो माणूस हळूहळू उतरत गेला. दारूबिरू नाही, आरडाओरडा नाही. फक्त डार्करूमचं दार त्यांना लावता येईना. कडी घालायचे, फिल्म पाण्यात सोडायचे, बाहेरचा पेशंट क्षणभर गप्प झाला की कडी काढून बाहेर. फिल्म काळ्या पडू लागल्या. मोडलेला हात घेऊन आलेल्या माणसाचा फोटो तीनतीनदा काढावा लागे. बायकांच्या फोटोला ते घरच्या पुरुषांना हाताला धरून बाहेर काढायचे, त्यावरून भांडणं व्हायची. एका नवऱ्यानं त्यांची कॉलर धरली. डायची तपासणी डॉक्टरांनी बंदच केली आणि अशा पेशंटांना चंद्रपूरची चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. त्यातले कितीजण चंद्रपूरला पोचले कोण जाणे. कळा येणारी एक म्हातारी चिठ्ठी घेऊन घरी गेली ती परत दिसलीच नाही. देवगडेभाऊंनी तिच्या गावच्या माणसांकडे चौकशी केली आणि मग तेही विचारायचं सोडलं.

मी त्यांना सावरायचा प्रयत्न केला नाही असं नाही. डॉक्टरांनी केला, कुंदाताईंनी तर जिवाचं रान केलं. त्यांना विहारात नेलं, माहेरी नेलं, नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. कुंदाताई मला एकदा म्हणाल्या की घरात आता पोरं झोपली की हे उठून त्यांना हलवतात, नावानं हाक मारतात, पोरानं ओ दिली की मग निजतात. पोरं सकाळी शाळेत पेंगतात. सांगताना त्या रडल्या नाहीत, सांगून झाल्यावर रडल्या.

मग बदली आली. एक्स-रेवरून काढून त्यांना कोरपन्याला मलेरियाच्या कामावर पाठवलं, गावोगाव फिरून लोकांच्या बोटांतून रक्ताचे थेंब घ्यायचे. शिक्षा म्हणून नव्हे, डॉक्टरांनीच दयेनं लिहून दिलं होतं. तिकडे अंधारी खोली नव्हती, ही एक गोष्ट बरी. त्यांनी सामान बांधलं.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्याकडचा बाजार होता. कुंदाताईंना वाटेसाठी काही घ्यायचं होतं, पण त्या बांधाबांधीत अडकलेल्या, म्हणून मी देवगडेभाऊंना घेऊन गेले. घराबाहेर काढावं हाही हेतू होता. बाजार ऐन भरात. आम्ही सुक्या मासळीच्या रांगेपाशी आलो आणि मला लखाजी दिसला. मी देवगडेभाऊंचा हात धरून त्यांना दुसरीकडे वळवणार, एवढ्यात त्यानंच पाहिलं. उठून उभा राहिला. त्याच्यामागे पोत्यावर एक वर्षाची मुलगी बसली होती आणि बोंबलासारखा एक वाळका मासा चोखत होती. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. देवगडेभाऊंनी बघितलं.

लखाजीनं त्यांना बसायला पोतं झटकून दिलं. ते उभेच राहिले. मासळीला हात न लावता लखाजी म्हणाला की डॉक्टरभाऊ, बदली झाल्याचं ऐकलं. सगळे त्यांना तिकडे डॉक्टरच म्हणायचे. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "भाऊ, एक इचारू का? मी तिकडं तोंड करून होतो. मले आता वाटते, मी आत नसतो त ते बोलली असती का?"

बाजारात केवढा गलका होता. पण मला त्या क्षणी काही ऐकू आलं नाही. ज्या गोष्टीनं या माणसाला आतून पोखरून टाकलं होतं ती आज समोरच्यानं आपल्या तोंडानं मागितली होती. आता फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर देवगडेभाऊंचं ओझं अर्धं तरी उतरलं असतं, आणि खोटंही झालं नसतं. मी देवगडेभाऊंकडे बघत होते आणि मला भीती वाटत होती.

"नाई," ते म्हणाले. "ते झोपेतच गेली. तिले काई समजलंच नाई. तुमी उभे होते म्हणून तिले धीर होता, लखाजीभाऊ."

लखाजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. तो खाली बसला, दोन्ही हातांनी डोकं धरून, आणि बसल्या बसल्या मान हलवू लागला. पोरगी त्याच्या पाठीवर चढली. थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले आणि पळसाच्या पानात बांधून पुष्कळ मासळी देवगडेभाऊंच्या पिशवीत टाकली. पैसे घेतले नाहीत. देवगडेभाऊंनी आग्रह केला नाही.

आम्ही बाजाराबाहेर आलो. दवाखान्याच्या फाटकापाशी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, माझ्यानं ही खाल्ली जाणार नाही म्हणाले. मी घेतली. त्यांनी मोहाच्या झाडाखालच्या माणसांकडे एकदा बघितलं, कोणाला काही विचारलं नाही, आणि क्वार्टरच्या दिशेनं वळले.

"सिस्टर," ते पाठमोरे असतानाच म्हणाले, "आता तो त झोपन."